पाहणारे अनेक, बदलणारे मोजके

1995 च्या सुमारास इंग्लंडमधील लेस्टर शहरातल्या डी माँटफर्ट विद्यापीठाची इंटरनेट जोडणी सेकंदाला अवघे 64 किलोबिट वाहून नेत होती. ती कधी आणि का तुंबते, हे तिथल्या सगळ्यांनाच जाणून घ्यायचे होते. तिथे काम करणाऱ्या टोबियास ओएटिकर या स्विस तरुणाने त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. हा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी राउटरकडून दोन आकडे मागून घेई: किती बाइट आत आले आणि किती बाहेर गेले. मागच्या आकड्यांशी वजाबाकी करून तो आलेख काढी आणि वेबपानावर ठेवी. ज्याच्याकडे ब्राउझर होता त्याला तो आलेख दिसे. एमआरटीजी या नावाने हा प्रोग्राम पुढे जगभर गेला आणि हजारो संस्थांच्या नेटवर्कचे पहिले चित्र त्याने त्यांना दाखवले.

त्या पानावरून कोणाला काहीही बदलता येत नसे. वाहिनी भरली आहे की रिकामी, एवढेच ते सांगे. पण तेवढ्यानेही बरेच घडले. ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार आणि ‘आमच्याकडून सगळे बरोबर आहे’ हे ठरलेले उत्तर यांच्यामध्ये पुरावा येऊन उभा राहिला.

आज चित्र वेगळे आहे. घरातल्या राउटरचे पान उघडायचे तर ब्राउझरमध्ये 192.168.1.1 सारखा पत्ता लिहायचा, ‘ॲडमिन’ म्हणून आत जायचे, की सगळे समोर येते. वायफायवर कोण आहे ते तिथे दिसते आणि त्याच पानावरून वायफायचे नाव बदलता येते, फायरवॉल बंद करता येते, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारून सगळी वाहतूक चालेल तेही ठरवता येते. बहुतेक घरगुती उपकरणांत खाते एकच असते. ज्याला फक्त पाहायचे आहे त्यालाही सर्व काही बदलण्याचा अधिकार घेऊनच आत जावे लागते.

ब्राउझरमधून चालणाऱ्या नेटवर्क व्यवस्थापनाचा मूळ दोष मला इथे दिसतो. पाहण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एका लॉगिनमागे बांधून ठेवल्या. परिणामी दोन्ही बाजूंनी नुकसान झाले. ज्यांनी पाहायला हवे त्यांना काही दिसत नाही आणि ज्यांच्या हाती बदल करण्याची ताकद जायला नको होती त्यांच्या हाती ती सहज जाते. असे सॉफ्टवेअर बसवताना आणि वापरताना घ्यायचा प्रत्येक निर्णय या एका भेदावर तपासून पाहावा, असे माझे म्हणणे आहे. दृष्टी जितकी वाटता येईल तितकी वाटावी. सत्ता थोड्यांच्या हाती, नोंदीखाली आणि मागे घेता येईल अशी असावी.

हा भेद काही नवा नाही. नेटवर्कच्या उपकरणांशी बोलण्याची एसएनएमपी ही पद्धत 1988 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तिच्यात ‘वाचणे’ आणि ‘लिहिणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वाचण्यासाठी एक परवलीचा शब्द, लिहिण्यासाठी दुसरा. अंमलबजावणी मात्र ढिसाळ झाली. वाचण्याचा शब्द कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा येई, लिहिण्याचा ‘प्रायव्हेट’, आणि दोन्ही तारेवरून उघडेच प्रवास करत. 2002 मध्ये या पद्धतीची तिसरी आवृत्ती पूर्ण मानक झाली आणि वापरकर्त्याची ओळख व सांकेतिकीकरण दोन्ही आले. तरीही आज अनेक कार्यालयांत स्विचवर तोच जुना ‘पब्लिक’ चालू असतो. साधन होते, भेदही होता. तो जपण्याची सवय लागली नाही.

आता एक जुना आक्षेप. मुरलेले नेटवर्क अभियंते वेबपानाला कमी लेखतात. खरे काम कमांड लाइनवर होते. पान म्हणजे नवशिक्यांची सोय, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दोनशे स्विचवर एकच बदल करायचा तर क्लिक करत बसणे हा वेडेपणा आहे, आणि लिहिलेली आज्ञा जपून ठेवता येते तशी क्लिक ठेवता येत नाही. पण या भूमिकेची एक सामाजिक किंमत आहे आणि ती आपल्याकडे छोट्या संस्थांनी मोजली आहे. शाळा, दवाखाना, पतसंस्था, एमआयडीसीतला छोटा कारखाना अशा ठिकाणी नेटवर्क एकदा वार्षिक देखभालीचे कंत्राट घेतलेला एएमसीवाला बसवून जातो. पासवर्ड त्याच्याकडे, नकाशा त्याच्या डोक्यात. तो गेला किंवा करार संपला की संस्थेला आपल्याच भिंतीवरच्या डब्यात काय आहे ते कळत नाही. शेवटी कोणीतरी टाचणीने रिसेटचे बटण दाबतो आणि वर्षानुवर्षांची मांडणी पुसली जाते. ज्ञान एका माणसाकडे अडकून राहण्याची ही स्थिती वेबपानाने मोडता येते, आणि म्हणून ते पान मला मोलाचे वाटते.

ते मोल कसे मिळवले गेले, याची एक चांगली हकिकत आहे. 2002 च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी54जी हा निळा-काळा वायफाय राउटर बाजारात आणला. पुढच्या वर्षी लक्षात आले की त्याच्या आत लिनक्स आहे. लिनक्सच्या परवान्याची अट अशी की त्यावर उभारलेल्या मालाबरोबर त्याचा मूळ कोडही खुला करावा लागतो. तगादा लागला, कोड खुला झाला, आणि 2004 च्या सुरुवातीला त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. पण तो वापरायचा तर कमांड लाइन यावी लागे. 2008 मध्ये जर्मनीतील फ्रायफुंक या, लोकांनी लोकांसाठी चालवलेल्या, वायफाय चळवळीने त्यासाठी ब्राउझरमधले व्यवस्थापन तयार करायला घेतले. त्याचे नाव लुसी. शेजाऱ्याच्या छपरावर अँटेना बसवणाऱ्या साध्या नागरिकाला आपले यंत्र स्वतः सांभाळता यावे, ही त्यामागची गरज होती. आज लुसीच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. कंपनीने ज्याला हात लावू दिला नसता असे यंत्र लोकांनी आपल्या ताब्यात घेतले आणि मग ते इतरांनाही समजेल असे केले. सोपेपणाला हिणवणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा.

मात्र सोपेपणाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. व्यवस्थापनाचे पान हे केवळ पान नसते. ते उपकरणाच्या आत, बहुधा सर्वोच्च अधिकाराने चालणारे एक सॉफ्टवेअर असते, आणि ज्याला त्या पत्त्यापर्यंत पोहोचता येते त्याला ते उत्तर देते. 2011 पासून ब्राझीलमध्ये काय झाले ते पाहा. काही डीएसएल मोडेमच्या व्यवस्थापन पानात अशी त्रुटी होती की बाहेरूनच पासवर्ड काढून घेता येई. चोरांनी सुमारे 45 लाख मोडेममधला डीएनएस पत्ता बदलला. लोक ब्राउझरमध्ये आपल्या बँकेचा पत्ता बरोबर लिहीत आणि बनावट पानावर पोहोचत. संगणकावर विषाणू नव्हता, ग्राहकाने चूक केली नव्हती. भिंतीवरच्या ज्या डब्याकडे कोणी वर्षभरात ढुंकूनही पाहिले नव्हते, त्यातली एक ओळ बदलली गेली होती.

2016 मध्ये मिराई या प्रोग्रामने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्या बळावर डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे तासन् तास बंद पडली. मिराई वेबपानातून शिरला नव्हता, टेलनेट या जुन्या लॉगिन मार्गातून शिरला. पण मुळाशी कारण तेच: सर्व काही बदलण्याचा अधिकार, कारखान्यातून आलेला पासवर्ड आणि बाहेरच्या जगाकडे तोंड. पुढच्या वर्षी, जुलै 2017 मध्ये, भारतात बीएसएनएलचे हजारो ब्रॉडबँड मोडेम याच कारणाने बाधित झाले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले.

हे घरगुती स्वस्त उपकरणांचे दुखणे आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा यंत्रणेने 13 जून 2023 रोजी केंद्र सरकारच्या नागरी खात्यांना एक बंधनकारक आदेश दिला: राउटर, स्विच, फायरवॉल यांसारख्या उपकरणांचे व्यवस्थापन इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल असे असल्यास, कळल्यापासून 14 दिवसांच्या आत ते बंद करा किंवा त्यापुढे वेगळा पहारा बसवा. त्यानंतर चारच महिन्यांनी, 16 ऑक्टोबर 2023 ला, सिस्कोने जाहीर केले की आपल्या आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब व्यवस्थापनात एक त्रुटी आहे आणि तिचा वापर करून हल्ले चालू आहेत. कोणताही पासवर्ड नसताना बाहेरच्या माणसाला सर्वोच्च अधिकाराचे नवे खाते उघडता येत होते. तीव्रतेच्या मोजपट्टीवर या त्रुटीला दहापैकी दहा गुण मिळाले. दुरुस्ती हाती येईपर्यंत कंपनीचा सल्ला एकच होता: इंटरनेटकडे तोंड असलेल्या उपकरणांवर वेब व्यवस्थापन बंद करा. ज्यांनी ते आधीच आत ठेवले होते त्यांना बाहेरून होणाऱ्या या हल्ल्याची धास्ती नव्हती. ज्यांनी सोयीसाठी उघडे ठेवले होते त्यांच्यापैकी हजारोंची उपकरणे तोवर परक्यांच्या हाती गेली होती.

एका उपकरणाच्या पानाची ही कथा. सगळ्या उपकरणांचे मिळून एक पान केले तर? मोठ्या संस्थेला ते करावेच लागते. शेकडो स्विचची पाने एकेक करून कोण उघडणार? म्हणून एका सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवतात, ते सगळ्या उपकरणांची विचारपूस करते आणि एका डॅशबोर्डवर मांडते. सोलरविंड्स कंपनीचे ओरायन हे असेच ब्राउझरमधून चालणारे सॉफ्टवेअर. हल्लेखोरांनी कंपनीच्या आत शिरून 2020 मध्ये ओरायनच्या अपडेटमध्येच आपला प्रोग्राम मिसळला. त्यावर कंपनीची अधिकृत डिजिटल सही होती, म्हणून ग्राहकांनी ते विश्वासाने बसवले. अशा ग्राहकांची संख्या कंपनीच्या सांगण्यानुसार 18,000 पर्यंत होती. डिसेंबरमध्ये प्रकार उघडकीस आला तेव्हा त्यात अमेरिकेची अर्थ, वाणिज्य यांसारखी खातीही होती. हल्लेखोरांनी हेच सॉफ्टवेअर का निवडले, याचा विचार करावा. ते सर्व काही पाहते, आणि अनेक ठिकाणी त्याला सर्व काही बदलण्याचे अधिकारही दिलेले असतात. ज्यांनी त्याला फक्त वाचण्याचा अधिकार दिला होता आणि बाहेर इंटरनेटवर बोलू दिले नव्हते, त्यांचे नुकसान मर्यादित राहण्याची शक्यता जास्त होती. तोच भेद इथे लाखमोलाचा ठरतो.

म्हणून बसवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो: आधी सगळी सत्ता असलेला कंट्रोलर बसवतात, आणि नेटवर्कमध्ये नेमके काय चालले आहे हे पाहायचे राहूनच जाते. समजा, एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात वीस स्विच आणि चाळीस ॲक्सेस पॉइंट आहेत. तिथे आधी पाहणारे सॉफ्टवेअर बसवावे. लिब्रेएनएमएस आणि झॅबिक्स ही दोन्ही मोफत आणि खुल्या कोडची आहेत. एवढ्या नेटवर्कला लिनक्स टाकलेला एक साधा संगणक सुरुवातीला पुरतो. उपकरणांवर एसएनएमपीची तिसरी आवृत्ती सुरू करून फक्त वाचू शकणारे एक खाते बनवावे आणि जुना ‘पब्लिक’ काढून टाकावा. उपकरणांचे व्यवस्थापन पत्ते विद्यार्थ्यांच्या आणि कार्यालयाच्या वाहतुकीपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या आखून वेगळ्या केलेल्या भागात, ठेवावेत. सॉफ्टवेअर बसताक्षणी त्याचे मूळ पासवर्ड बदलावेत, कारण झॅबिक्सचे पहिले नाव आणि पासवर्ड त्याच्या माहितीपुस्तिकेतच छापलेले असतात आणि ते साऱ्या जगाला ठाऊक आहेत. बाहेरून पाहायची गरज पडली तर व्हीपीएनमधून आत यावे. राउटरवर पोर्ट उघडून नव्हे.

मग काही आठवडे नुसते पाहावे. कोणता पोर्ट सतत चुका दाखवतो, कोणत्या मजल्याचा स्विच दुपारी तापून बंद पडतो, परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवसांत लीज लाइन खरोखर भरते की डीएनएस अडतो, हे त्यातून कळते. अनेक संस्था वेग वाढवून घेण्यावर पैसे खर्च करतात आणि मूळ दोष एका खराब केबलमध्ये असतो. पाहिल्याशिवाय केलेला खर्च असा वाया जातो. बदल करणारा कंट्रोलर त्यानंतर यावा, आणि तो आला की प्रत्येक माणसाचे वेगळे खाते, शक्य तिथे दुहेरी पडताळणी आणि कोणी काय बदलले याची नोंद असावी. चौघांत वापरले जाणारे एक ‘ॲडमिन’ खाते म्हणजे नोंद असूनही नसल्यासारखी.

या पानांनी लावलेली एक वाईट सवयही इथे सांगायला हवी. उपकरणाचे पान उघडले की ब्राउझर इशारा देतो: ही जोडणी सुरक्षित नाही. कारण 192.168 पासून सुरू होणाऱ्या खाजगी पत्त्यांना सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाहीत आणि उपकरण स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र दाखवते. मग आपण सांगतो, ‘तिकडे लक्ष देऊ नका, पुढे जा.’ ज्या माणसाला धोक्याचा इशारा ओळखायला शिकवायचे, त्यालाच आपण तो इशारा ओलांडायला शिकवतो. संस्थेचे स्वतःचे डोमेन असेल तर त्यातले एक नाव आतल्या सर्व्हरला देऊन खरे प्रमाणपत्र मोफत मिळवता येते. हे काम एका दुपारचे आहे आणि ते करावेच.

पाहणे आणि बदलणे यांतली रेषा किती नाजूक आहे, हे 4 ऑक्टोबर 2021 ला जगाने पाहिले. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जवळपास सहा तास बंद होते. कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशानुसार, देखभालीच्या वेळी आपल्या मुख्य जाळ्याची क्षमता अजमावण्यासाठी एक आज्ञा दिली गेली आणि तिने ते जाळेच तोडले. आज्ञेचा हेतू पाहण्याचा होता. परिणाम बदलण्याचा झाला. अशा चुका रोखण्यासाठी असलेल्या तपासणी साधनातही दोष निघाला. वर, दुरुस्तीची आतली साधने त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. जगातल्या उत्तम अभियंत्यांच्या संस्थेत हे घडते, तर आपण मांडणीतच काळजी घेतली पाहिजे. पाहण्याच्या खात्याला बदलता येणेच शक्य नसावे. माणसाच्या सावधपणावर ते सोपवू नये.

कॅनडात 8 जुलै 2022 ला रॉजर्स कंपनीचे नेटवर्क कोसळले, तेव्हा 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट गेले आणि अनेकांना 911 हा आणीबाणीचा क्रमांकही लागेना. एका राउटरवरचा गाळणीचा नियम काढला गेल्याने मुख्य नेटवर्क माहितीच्या लोंढ्याखाली बुडाले. व्यवस्थापनाचा मार्गही त्याच मुख्य नेटवर्कमधून जात असल्यामुळे कर्मचाऱ्यांना आपल्याच उपकरणांपर्यंत पोहोचता आले नाही. छोट्या संस्थेने यातून घ्यायचा धडा खर्चिक नाही. ब्राउझर हा कारभाराचा एकमेव मार्ग असू नये. कपाटात कन्सोल केबल असावी, उपकरणांच्या मांडणीची ताजी प्रत दुसऱ्या ठिकाणी जपलेली असावी, आणि नेटवर्क नसतानाही वाचता येईल असा छापील नकाशा असावा.

चांगल्या साधनांनी मानवी चुकीचा विचार आधीच केलेला असतो. जुनिपरच्या उपकरणांवर बदल करताना असे सांगता येते की दहा मिनिटांत मी दुजोरा दिला नाही तर जुनी मांडणी परत आण. मायक्रोटिकमध्ये त्यासाठी सेफ मोड आहे. लुसीत बदल लागू केल्यावर ब्राउझर ठरावीक सेकंदांत उपकरणापर्यंत पुन्हा पोहोचू शकला नाही, तर बदल आपोआप मागे घेतला जातो. खरेदी करताना वायफायच्या वेगाचे आकडे सगळे विचारतात. बदल मागे घेता येतो का, पाहण्याचे वेगळे खाते बनते का, लॉग बाहेर पाठवता येतात का, हे कोणी विचारत नाही. मला हे प्रश्न वेगापेक्षा महत्त्वाचे वाटतात, कारण वेग चार वर्षांत जुना होतो आणि नियंत्रण नसल्याची किंमत दरवर्षी द्यावी लागते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: छोट्या संस्थेकडे हे करणारा माणूस कुठे आहे? त्यापेक्षा कंपनीच्या क्लाउडवरून व्यवस्थापन बरे. अपडेट ते बघतील, पहारा ते देतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या शाळेत सर्व्हर अपडेट करणारे कोणी नाही, तिथे स्वतः बसवून वर्षानुवर्षे तसेच सोडलेले सॉफ्टवेअर क्लाउडपेक्षा जास्त धोकादायक असते. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या एका घटकातील त्रुटी उघड झाली तेव्हा युनिफायसारख्या नेटवर्क कंट्रोलरलाही तातडीने अपडेट करावे लागले; जे तो स्वतः बसवून विसरून गेले होते ते उघडेच राहिले. म्हणून क्लाउड घ्यावा, पण अटी ठरवून घ्यावा. खाते संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या ईमेलवर हवे, व्हेंडरच्या नव्हे. परवान्याची मुदत संपली तर उपकरण चालू राहील की बंद पडेल, हे लेखी हवे. मांडणीची प्रत आपल्याला कधीही उतरवून घेता आली पाहिजे. इंटरनेट गेले तरी उपकरणापर्यंत पोहोचण्याचा आतला मार्ग हवा. आणि पाहण्याचा अधिकार संस्थेतील किमान तीन-चार लोकांकडे हवा. या अटी मान्य असतील तर क्लाउड हा सेवक आहे. नसतील तर संस्थेने आपल्या नेटवर्कचे पैसे भरले, पण मालकी घेतली नाही, असाच त्याचा अर्थ.

दृष्टी वाटायची म्हणजे सगळ्यांचे सगळे उघड करायचे का? नाही, आणि इथे सावध राहायला हवे. याच सॉफ्टवेअरला थोडे पुढे ढकलले तर कोणता शिक्षक कोणत्या संकेतस्थळावर गेला, कोणती विद्यार्थिनी रात्री किती वाजेपर्यंत होस्टेलच्या वायफायवर होती, हेही दिसू लागते. ते व्यवस्थापन नाही, पाळत आहे. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने 2023 मध्ये केला आहे. पण कायद्याची वाट न पाहताही रेषा आखता येते. वाहिनीचा भार, उपकरणांची स्थिती, बिघाडाची वेळ आणि दुरुस्तीला लागलेला काळ हे सर्वांना दिसावे. व्यक्तीच्या पातळीवरची माहिती गरजेपुरतीच साठवावी, थोड्यांनाच दिसावी, आणि ती कोणी पाहिली याचीही नोंद राहावी. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंद प्रत्येक सभासदाला मिळतो, पण एखाद्याच्या बचत खात्यात किती रुपये आहेत ते वाचून दाखवत नाहीत. सहकाराने आपल्याला शिकवलेला हा विवेक नेटवर्कलाही लागू आहे.

काही देशांनी आणि राज्यांनी मूळ पासवर्डसारख्या बाबी निर्मात्याच्या गळ्यात घातल्या आहेत. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला वेगळा पासवर्ड किंवा पहिल्या वापरात तो बदलण्याची सक्ती असावी लागते. ब्रिटनने 29 एप्रिल 2024 पासून ग्राहकोपयोगी उपकरणांवर सर्वांना एकच असे मूळ पासवर्ड बेकायदा ठरवले आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील ते जाहीर करणे बंधनकारक केले. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार, त्यांच्या कक्षेत येणाऱ्या संस्थांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी आणि लॉग 180 दिवस जपावेत. या नियमात ‘लक्षात आल्यापासून’ हे सगळ्यात अवघड आहे. ज्या संस्थेत नेटवर्ककडे कोणी पाहतच नाही, तिच्या लक्षात काय येणार? लॉग साठवणे म्हणजे पाहणे नव्हे. सहा तासांची मुदत पाळायची तर पाहणारे डोळे आधीच असले पाहिजेत, आणि एका माणसाचे डोळे पुरत नाहीत.

म्हणून माझे आवाहन नेटवर्क अभियंत्यांइतकेच मुख्याध्यापकांना, दवाखान्याच्या डॉक्टरांना, पतसंस्थेच्या अध्यक्षांना आणि ग्रामपंचायतीच्या सरपंचांना आहे. तुम्हाला कमांड लाइन येण्याची गरज नाही. तुमच्या नेटवर्कवाल्याला बोलावून चार गोष्टी विचारा. आपली उपकरणे किती आणि कुठे आहेत? त्यांची व्यवस्थापन पाने बाहेरून उघडतात का? बदलण्याचा अधिकार कोणाकोणाकडे आहे आणि त्याची नोंद कुठे आहे? आणि मला, काहीही बदलता येणार नाही असे, पाहण्याचे खाते कधी मिळेल? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्या. चौथ्याचे उत्तर ब्राउझरमध्ये उघडून बघा, आणि पुढच्या कराराचे पैसे ते पान दिसल्यावरच द्या.